तारेची आस : इंग्लिश शिवार, गतकातरता आणि ॲम्बियंट गिटार

(व्याख्यानाच्या सुरुवातीला, काहीही न सांगता, सुमारे तीन मिनिटांचा एक गिटारचा तुकडा ऐकवण्यात आला.)

मागच्या रांगेपर्यंत पोचतोय ना आवाज? बरं.

आता एक प्रश्न. या तुकड्याच्या सुरुवातीला पक्षी ऐकू आले. कुठले पक्षी असतील ते? कोणी म्हणेल चिमण्या, कोणी म्हणेल इंग्लंडमधला एखादा रॉबिन. खरं उत्तर असं, की ते पक्षीच नव्हेत. तो यंत्राचा आवाज आहे. 'द दुरुती कॉलम' या नावाखाली वाजवणारा मँचेस्टरचा गिटारवादक व्हिनी रायली, त्याची ही रचना 'स्केच फॉर समर', १९८० सालच्या पहिल्या रेकॉर्डवरची. निर्माता मार्टिन हॅनेट. रॉचडेलसारख्या गिरण्यांच्या गावातल्या स्टुडिओत बसून त्यानं इलेक्ट्रॉनिक उपकरणातून हा उन्हाळा काढला. बाहेर शेत नाही, झाड नाही. त्या रेकॉर्डचं वेष्टनसुद्धा सँडपेपरचं होतं, म्हणजे कपाटात शेजारी ठेवलेल्या रेकॉर्डला ओरखडे पडावेत म्हणून! इतकं मऊ संगीत आणि त्याला असं खरखरीत वेष्टन. हे आज लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

विषय असा आहे : गेल्या चाळीसेक वर्षांत इंग्लंडमध्ये एक संगीत तयार झालं. गिटार, भरपूर प्रतिध्वनी, मधूनच चर्चची घंटा, पाऊस, एखादी दूर गेलेली गाडी. विषय कायम तोच, हरवलेलं इंग्लिश शिवार. जुनी शाळा, बंद पडलेलं स्टेशन, लहानपणचा उन्हाळा. आम्ही काही मंडळी दर रविवारी सकाळी एकत्र बसून काही ना काही ऐकतो, त्यात दोन महिने हेच ऐकलं. आणि त्यातून एक अडचण उभी राहिली, ती आज तुमच्यापुढे मांडायची आहे. अडचण अशी, की हे संगीत आम्हाला आवडलं. नुसतं आवडलं नाही, आतून हललो. आणि मग वाटलं, का? आमचं तिथं काय हरवलंय?

पहिल्यांदा शब्दाकडे बघू. 'नॉस्टॅल्जिया'ला मराठीत आपण दोन शब्द वापरतो. एक 'स्मरणरंजन', दुसरा 'गतकातरता'. आपण ते एकमेकांऐवजी सर्रास वापरतो, पण ते एक नाहीत. स्मरणरंजनात रंजन आहे, चहाबरोबर जुने फोटो काढून बसावं तसं. गतकातरतेत कातर आहे, कापरा आवाज आहे, दुखणं आहे. मूळ शब्द दुखण्याचाच. १६८८ साली बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात तो घडवला, घरी परतणं आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द जोडून. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या ओढीनं जो आजार जडतो त्याचं ते नाव होतं. आजार, बरं का. औषधोपचाराचा विषय.

आता गंमत बघा. या आजाराशी संगीत फार लवकर जोडलं गेलं, आणि तेही गावाकडचं. रूसोनं १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात नोंद केली आहे, की स्विस पलटणींत गुराख्यांची एक धून वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकली की शिपाई रडत, पळून जात, मरत. आणि पुढे तो जे म्हणतो ते आजच्या विषयाला नेमकं लागू आहे. तो म्हणतो, परक्या माणसाला ती धून ऐकवा, त्याला काहीच होणार नाही. म्हणजे ताकद सुरात नाही, ऐकणाऱ्याच्या आठवणीत आहे. धून ही नुसती खूण.

मग आमचं काय झालं? आम्ही तर शंभर टक्के परके. आमच्यातल्या एकालाही इंग्लंडमधल्या शेताच्या कडेला उभं राहिल्याचं आठवत नाही. तरी परिणाम झाला. म्हणजे एक तर रूसो चुकला, किंवा या संगीतात सुरातच काही तरी केलेलं आहे. आम्ही दुसरं मानतो. ते काय केलंय ते आधी पाहू.

तंतुवाद्य ऐकणाऱ्या मंडळींना 'आस' हा शब्द ठाऊक आहे. तार छेडली, आघात झाला, त्यानंतर नाद जो टिकून राहतो आणि हळूहळू विरतो ती त्या सुराची आस. सतारीची आस चांगली, या तारेला आस नाही, असं आपण म्हणतो. व्हायोलिन, सारंगी, बासरी ही वाद्यं गज किंवा श्वास आहे तोवर सूर धरून ठेवतात. गिटारचं तसं नाही. गिटारचा सूर जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. वाजवणाऱ्याच्या हातात फक्त सुरुवात आहे, शेवट त्याच्या हातात नाही. ॲम्बियंट गिटारवाले काय करतात? ते सुरुवात लपवतात आणि शेवट लांबवतात. पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलनं नखीचा टणत्कार दाबायचा, आवाज मागाहून उघडायचा. मग डीलेमधून तोच सूर पुन्हा, थोडा फिका, पुन्हा, आणखी फिका. त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या रिकाम्या इमारतीचा भास. शेवटी कानावर जे येतं त्यात 'आत्ता' असं काही उरतच नाही. सगळंच घडून गेलेलं असतं. सूर कधी सुरू झाला ते कळत नाही, फक्त तो चालला आहे एवढं कळतं.

आणि आपल्या भाषेत आस म्हणजे ओढसुद्धा. हा योगायोग असेल, पण कामाचा आहे. त्यामुळे रूसोला आमचं उत्तर असं : या संगीताला श्रोत्याच्या आठवणीची गरज नाही, कारण ते सुरालाच आठवण करून टाकतं. ऐकणाऱ्याला आयती आठवण मिळते. ज्याचं काही हरवलं नाही त्यालाही हरवल्यासारखं वाटतं. हीच त्याची करामत, आणि आमची शंकाही इथंच सुरू होते.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो पुष्कळांना माहीत आहे. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेपरेकॉर्डर जोडून, एकावर मुद्रित झालेलं दुसऱ्यावरून उशिरा ऐकू यावं अशी योजना केली. १९७३ आणि १९७५ अशा दोन रेकॉर्ड झाल्या. दुसरीचं नाव 'ईव्हनिंग स्टार'. पहिल्या बाजूवर सगळं वारा, पाणी, संध्याकाळची प्रार्थना. मग ईनोनं १९७८ ला विमानतळासाठीचं संगीत केलं आणि 'ॲम्बियंट' हे नाव रुजलं. आमच्या दृष्टीनं महत्त्वाची मात्र १९८२ची 'ऑन लँड'. ईनो सफोक परगण्यातल्या वुडब्रिजचा. या रेकॉर्डवरच्या एका तुकड्याचं नाव आहे 'डनिच बीच, ऑटम १९६०'. त्यात गिटार मायकल ब्रूकचं. डनिच म्हणजे मध्ययुगात भरभराटलेलं बंदर, जे वादळांनी आणि किनारा खचून समुद्रात गेलं. आज तिथं छोटं गाव उरलंय. १९६० साली ईनो बारा वर्षांचा होता. म्हणजे तुकड्याच्या नावात एक जागा आणि एक तारीख, बस्स. आणि ती जागाच मुळात बुडालेली. यात गोडवा नाही. काळसर, ओलसर आवाज आहे, खाली काहीतरी घरघरतंय. ही रेकॉर्ड आम्ही गतकातर म्हणू, रंजक म्हणणार नाही.

आता जरा वेळ घालवायचाय तो १९८३च्या एका रेकॉर्डवर. व्हर्जिनिया ॲस्टली, 'फ्रॉम गार्डन्स व्हेअर वुई फील सिक्युअर'. कोणी म्हणेल हिच्यात गिटार कुठे, ही तर पियानो आणि बासरीची. मान्य. पण पुढच्या सगळ्या गिटारवाल्यांची ही आजी आहे, तिला टाळून पुढे जाता येत नाही. उन्हाळ्यातला एक दिवस, एक बाजू सकाळची, एक दुपारची. पक्षी खरे आहेत, ऑक्सफर्डशरमधल्या मूल्सफर्ड गावाजवळ ध्वनिमुद्रित केलेले. मेंढ्या आहेत, चर्चच्या घंटा आहेत. इतकी सुंदर रेकॉर्ड, की ऐकताना माणूस मुकाट होतो.

पण नाव बघा. 'जिथे आम्हाला सुरक्षित वाटतं त्या बागांमधून.' हे शब्द ऑडनच्या 'अ समर नाइट' या कवितेतून आलेत. १९३३ची कविता, तेव्हा ऑडन हेरफर्डशरमधल्या एका शाळेत शिकवत होता. उन्हाळ्याची रात्र, मित्र, हिरवळ, सगळं सुखाचं. आणि मधेच कविता वळते. आशय असा, की आपण या सुखात इतके रमलोय की जगात कुठे काय चाललंय हे जाणून घ्यायची आपल्याला इच्छा नाही, आणि आपलं हे इंग्लिश घरातलं स्वातंत्र्य, या उन्हातल्या सहली, कुठल्या संशयास्पद कृत्याच्या जोरावर चालतात हेही आपण विचारत नाही. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन काही महिने झालेत, तेव्हाची ही ओळ. म्हणजे ज्या शब्दांत बागेची सुरक्षितता आहे, त्याच कवितेत त्या सुरक्षिततेवर आरोप आहे.

याच रेकॉर्डवर एका तुकड्याच्या नावात 'हा-हा' येतं. हा-हा म्हणजे हसणं नव्हे. जुन्या जमीनदारांच्या बागांभोवती एक चर खणत, आतल्या बाजूनं भिंत बांधत, पण ती जमिनीच्या पातळीखाली. घरातून बघणाऱ्याला वाटावं, आपली हिरवळ थेट शेतापर्यंत, क्षितिजापर्यंत पसरली आहे. मधे कुंपण दिसत नाही. पण गुरं मात्र अलीकडे येऊ शकत नाहीत. मंडळी, इंग्लिश शिवाराच्या संगीताला याहून चांगलं रूपक आम्हाला सापडलं नाही. हद्द आहे, फक्त बसल्या जागेवरून दिसत नाही.

ऑडनच्या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. ग्लॉस्टरशरमधलं ॲडलस्ट्रॉप हे स्टेशन एडवर्ड थॉमसच्या कवितेमुळे इंग्लिश शांततेचं जणू प्रतीकच झालं. गाडी थांबते, कोणी चढत नाही, उतरत नाही, पक्षी ऐकू येतात. त्या ॲडलस्ट्रॉपच्या शेजारचं गाव डेल्सफर्ड. तिथली जहागीर १७८८ साली विकत घेतली वॉरन हेस्टिंग्जनं. हो, तोच. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ज्याच्या कारकिर्दीत झालं, सालबाईचा तह ज्याच्या काळात झाला, तोच गव्हर्नर जनरल. त्याची कबरही तिथल्या चर्चच्या आवारात आहे. तेव्हा 'आमचं तिथं काय हरवलंय' या प्रश्नावर आमच्यातला एक जण म्हणाला, "हरवलंय की! हिशेब काढायला बसलो तर बरंच निघेल." हशा झाला. पण एवढ्यावर विषय संपवणं आम्हाला पटलं नाही. कारण त्या शिवारात फक्त हेस्टिंग्जसारखे राहत नव्हते, शेतमजूरही राहत होते, आणि त्यांचंही पुष्कळ गेलं.

ते कसं गेलं याची एकच गोष्ट सांगतो. इंग्लिश शिवार म्हटलं की डोळ्यांपुढे येतात चौकोनी हिरवी शेतं आणि मधली झुडपांची कुंपणं. रेकॉर्डच्या वेष्टनांवर हमखास. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटनं जमिनी बंदिस्त करणारे ५,२०० हून अधिक कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर, इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. गावाची सामाईक कुरणं, गायरानं, तुकड्यांची शेतं मोजून कुंपणात गेली. म्हणजे आज आपण ज्याला अनादी निसर्ग समजून उसासा टाकतो, त्यातलं बरंचसं कुंपण ही त्या हकालपट्टीची रेघ आहे. बांधाचं भांडण काय असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जॉन क्लेअर हा नॉर्दम्प्टनशरचा शेतमजूर कवी आपलं गाव बंदिस्त होताना बघत होता आणि लिहीत होता. त्याला या कुंपणात सौंदर्य दिसणं कठीणच होतं.

रेमंड विल्यम्सनं १९७३च्या 'द कंट्री अँड द सिटी'त हे फार मार्मिकपणे दाखवलंय. एक लेखक म्हणतो, खरं ग्रामीण इंग्लंड माझ्या लहानपणापर्यंत होतं. आपण त्याच्या लहानपणात जातो, तिथला लेखक म्हणतो, छे, ते माझ्या आजोबांबरोबर गेलं. असं सरकत्या जिन्यासारखं मागे मागे जात थेट बायबलमधल्या बागेपर्यंत. खरं गाव नेहमी एक पिढी मागे. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यातला, रेल्वे सिग्नलमनचा मुलगा. त्यामुळे त्याच्या लिहिण्यात गावाची चेष्टा नाही, माया आहे आणि राग आहे.

या जिन्यावर गिटारवाले कुठे उभे आहेत? इथं आम्ही अँटनी हार्डिंगकडे येतो. 'जुलै स्काईज' हे त्याच्या संगीताचं नाव. २००२ला 'ड्रीमिंग ऑफ स्पायर्स', २००४ला 'द इंग्लिश कोल्ड', २००८ला 'द वेदर क्लॉक'. वाजवणं रायलीच्या घराण्यातलं : स्वच्छ गिटार, सुटे सुटे स्वर, भोवती धुकं. गाणं असलंच तर इतकं मागे की शब्द लागत नाहीत. एका बैठकीत ऐकलं तर तिन्ही रेकॉर्ड सारख्याच वाटतील. पण तीन वेगवेगळी इंग्लंडं आहेत ती.

'द इंग्लिश कोल्ड' दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांवर आहे. पूर्व इंग्लंडच्या सपाट शेतांमध्ये तेव्हा धावपट्ट्या टाकल्या गेल्या, ब्रिटिश आणि अमेरिकन बाँबफेकी विमानं तिथून उडत. युद्ध संपलं, शेती परत आली, पुष्कळ ठिकाणी धावपट्टीचं काँक्रीट फोडून रस्त्यांखाली गेलं. एका तुकड्याचं नाव लांबलचक आहे, 'फार्मर्स अँड व्हिलेजर्स लिव्हिंग विदिन द शॅडो ऑफ एअरोड्रोम्स'. विमानतळाच्या सावलीत राहणारे शेतकरी आणि गावकरी. वैमानिक नव्हे, लक्षात घ्या. रात्री विमानं मोजणारे आणि पहाटे परत आलेली मोजणारे लोक. इथं प्रतिध्वनीला कारण मिळतं. तो लांबलेला, विरत जाणारा सूर म्हणजे नुसता सजावटीचा धूर नाही, दूर जाणाऱ्या इंजिनाची घरघर कानात उरावी तसा तो आहे. आणि रेकॉर्डचं नाव गारठ्याचं, उन्हाळ्याचं नाही. आमच्या मते हार्डिंगची ही सर्वांत चांगली रेकॉर्ड.

'द वेदर क्लॉक'मधलं इंग्लंड युद्धानंतरचं. पावसाळी दुपारच्या शाळा, नॉरफकवरून सरकणाऱ्या सरी, आणि 'ब्रांच लाइन समर्स फेड' हा तुकडा, फाट्यावरच्या रेल्वेगाड्यांचे उन्हाळे. १९६३ साली डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात पाच हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती, आणि त्यातली बहुतेक पुढे बंद झालीही. ॲडलस्ट्रॉप १९६६ला गेलं. तेव्हा ही कातरता जमीनदाराच्या हिरवळीसाठी नाही. सरकारी शाळा, सगळ्यांसाठी दवाखाना, सगळ्यांसाठी रेल्वे, असं काहीतरी देऊ केलं होतं आणि मग काढून घेतलं, त्याची ती आहे. जो भूतकाळ स्वतः भविष्याची वाट बघत होता, त्या भूतकाळाची ओढ. मार्क फिशर वगैरे समीक्षकांनी याच सुमारास हरवलेल्या भविष्याविषयी पुष्कळ लिहिलं, ते मुख्यतः इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी. गिटारवाल्यांना त्यात जागा मिळायला हवी होती असं आम्हाला वाटतं. ते हळू वाजवतात म्हणून कमी विचार करतात असं नाही.

आता आमच्या बैठकीतली एक हकिकत. आमच्यात एक काका आहेत, कुर्डुवाडीकडचे, ऐंशीच्या घरातले. दोन रविवार ते गप्प बसले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "सतार लावून ठेवलीय, वाजवणारा आलाच नाही." आम्ही त्यांना फाट्यावरच्या गाड्यांविषयी सांगितलं. आणि सांगता सांगता आम्हालाच सापडलेला एक दुवा त्यांच्यापुढे ठेवला. स्टॅफर्डशरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात एक छोटी नॅरोगेज होती. १९०४ला सुरू झाली, १९३४ला बंद, १९३७मध्ये तिच्या जागेवर पायवाट झाली. इंग्लिश स्मरणरंजनाचा अगदी लाडका विषय, छोटी गाडी, दूधवाले, डोंगर. या गाडीचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आणि त्यानं आधी काय बांधलं होतं? बार्शी लाइट! १८९७ साली, कुर्डुवाडी म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, तिथून बार्शीपर्यंत. तोच अडीच फुटांचा गेज, तोच आराखडा. मॅनिफोल्डच्या इंजिनांना पुढे मोठाले दिवे होते, डबे वसाहतीतल्या गाड्यांसारखे. म्हणजे त्या इंग्लिश खोऱ्यात जी गोड गाडी गेली ती सोलापूर जिल्ह्याच्या वळणाची होती. (जाता जाता : याच कॅलथ्रॉपनं पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. माणूस वेगळाच.)

आम्हाला वाटलं, काका भारावतील. ते म्हणाले, "बार्शी लाइटनं आषाढीला पंढरपूरला जायचो आम्ही. टपावर बसून. डोळ्यांत कोळसा जायचा, दोन दिवस खोकला. तिचं गाणं करायचं तर त्यात खोकला पाहिजे."

मंडळी, दोन महिन्यांत आम्ही जेवढं बोललो त्यातलं सगळ्यांत चांगलं समीक्षेचं वाक्य हे होतं. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्ड लावली की आम्ही विचारतो, यात खोकला आहे का? 'ऑन लँड'मध्ये आहे. 'द इंग्लिश कोल्ड'मध्ये गारठा आहे, तो चालेल. 'स्केच फॉर समर'मध्ये यंत्राचे पक्षी आहेत, म्हणजे निदान लबाडी उघड आहे, आणि वर सँडपेपर. ॲस्टलीच्या रेकॉर्डमध्ये खोकला नावात आहे, संगीतात तो शोधावा लागतो. आमच्यातल्या निम्म्यांच्या मते तो नाहीच, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पण आज झोपेसाठी, अभ्यासासाठी म्हणून ज्या तासन् तास चालणाऱ्या याद्या मिळतात, त्यात मात्र तो औषधालाही नाही. गिटारवर रिव्हर्ब ओतायचा, वर पाऊस शिंपडायचा, शेताचा फोटो लावायचा. पक्षी कुठले, कधीचे, काही नाही. ईनोला जागा आणि तारीख लागली होती. इथं दोन्ही गाळलेली. सगळ्याच आठवणींना सारखाच प्रतिध्वनी दिला की सगळ्या एकाच वयाच्या होतात. मग युद्ध, शाळा, आजीचं घर आणि जहागीरदाराची बाग यांत फरक उरत नाही. आणि फरक नसलेला भूतकाळ कोणालाही वापरता येतो. 'आमचा देश पूर्वी असा होता, मग हे लोक आले' असं म्हणणाऱ्यांनाही. स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेनं २००१च्या पुस्तकात दोन प्रकार केले होते, गेलेलं जसंच्या तसं परत उभारू बघणारी कातरता आणि गेलं आहे हे जाणून त्यापाशी रेंगाळणारी. पहिलीला धावपट्टीखालचं शेत दिसतं, दुसरीला शेताखालची धावपट्टीही.

राहता राहिले 'एपिक फॉर्टीफाइव्ह', बेन होल्टन आणि रॉब ग्लोव्हर. हे दोघं स्टॅफर्डशरचेच, म्हणजे कॅलथ्रॉपच्या गाडीचाच परगणा. २००७ची 'मे युवर हार्ट बी द मॅप' आणि २०११ची 'वेदरिंग' या त्यांच्या रेकॉर्ड आम्ही सुचवू. त्यांचं शिवार चित्रातलं नाही. गाव संपतं आणि मोठा रस्ता सुरू होतो त्या मधल्या पट्टीतलं आहे, जिथं शेताला लागून नवी घरं उठताहेत आणि लहानपणी खेळलेल्या जागेवर पाटी लागली आहे. संगीत जुलै स्काईजपेक्षा भरीव, ढोल आहेत, गाणी आहेत, मधेच सूर किंचित बेसूर होऊन टेप जुनी झाल्यासारखा लचकतो. कधी कधी तेही फार गोड होतात, एखादा तुकडा दोन मिनिटं आधी संपायला हवा होता असं वाटतं. पण हे लोक राहतात त्या जागेबद्दल वाजवतात. ती अजून तिथं आहे आणि रोज थोडी थोडी बदलतेय, त्यामुळे त्यांना भूतकाळ सजवायला फुरसत मिळत नाही.

काका हल्लीच्या रविवारी येतात. 'द इंग्लिश कोल्ड' त्यांनी एकदा पूर्ण ऐकली, डोळे मिटून. संपल्यावर काही बोलले नाहीत, फक्त खिडकी लावून घ्या म्हणाले.

आता तीच लावतोय. सुमारे पाच मिनिटं ऐकू या, मग प्रश्न घेऊ. पंखे बंद करता येतील का?

(यानंतर 'द इंग्लिश कोल्ड'मधला काही भाग ऐकवण्यात आला.)